पौर्णिमेच्या बांबूची सायकल

खरं हाय. सगळं खरं हाय, शब्द न् शब्द. यात एक अक्षर खोटं निघालं तर माझे उरलेले दात आत्ताच्या आत्ता गळू देत, आणि उरलेत किती ते बघाल तर कळेल की मी ते उगाच पैजेवर लावणारी नाय. पळसदरीत कुणालाही विचारा. धरणाच्या रस्त्याला विचारा, विहारापाशी विचारा. फक्त काळूरामला विचारू नका. त्याच्यापुढे सायकल म्हटलं की तो अजून चप्पल शोधायला लागतो.

काळूराम म्हणजे बांबूचा माणूस. कुणाला शिडी हवी, कुणाला मांडवाला खांब हवेत, की लोक त्याच्या दारात. त्याच्या हातची शिडी आज्याने घ्यावी आणि नातवाने चढावी. त्याच्या बांबूला कधी कीड लागली नाय. पळसदरीतले भुंगे उपाशी राहून कंटाळले आणि बिऱ्हाड उचलून वांगणीला गेले, असं लोक म्हणायचे, आणि वांगणीचे लोक तेव्हापासून पळसदरीवाल्यांशी नीट बोलत नायत.

यात जादू काय नव्हती. बांबू तोडायचा तो दिवाळी सरल्यावर, आणि तोही अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्यात तोडला तर त्याच्या अंगात गोडवा चढलेला असतो, आणि गोडाला कोण येत नाय? भुंगा येतो. बारीक भोक पाडून आत शिरतो आणि आतनं खात सुटतो. वरनं बघावं तर बांबू नवरदेवासारखा ताठ, आणि आत नुसतं पीठ.

काळूरामची सून दर्शना. आयटीआयला फिटर शिकलेली. नवरा मिलिंद खोपोलीला कंपनीत पाळ्या करायचा आणि ही घरात गप्प बसणारी नव्हे. मिक्सर उघड, पंप उघड, एकदा सासूचं शिवणयंत्र उघडलं ते बंद केलं तेव्हा पहिल्यापेक्षा जोरात चालायला लागलं. हिने मोबाइलवर कुठेतरी बांबूची सायकल बघितली आणि सासऱ्यापुढे येऊन बसली. म्हणाली, बाबा, लोखंडाच्या सायकलची नळी आतनं पोकळ असते. बांबू बी पोकळच. मग लोखंडाला कशाला भाव द्यायचा, आपल्या ओढ्याला बांबूचं बेट उभं हाय की.

काळूरामला हे लगेच पटलं. बांबूबद्दल कुणी चांगलं बोललं की त्याला सगळंच पटायचं.

आता हा पोरखेळ नव्हता बरं का. खालापूर तालुक्यात लांबलांबच्या वाड्यांवरनं पोरी पायपीट करत शाळेत येतात. त्यांना सायकली देणारी एक संस्था होती, आणि तिथल्या निवेदिता मॅडमना दर्शना जाऊन भेटली होती. मॅडम म्हणाल्या, बोलणं छान हाय तुझं, पण सायकल बोलण्यावर चालत नाय. एक बनव. मागे तांदळाचं पोतं बांध, पळसदरीवरनं खालापूरला चालवत घेऊन ये. कुरकुर न करता आली, तर पोरींच्या सायकली तुमच्याच बचत गटातल्या बायकांनी बनवायच्या. दिवसही ठरला. माघाची पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी.

दर्शनाने तेव्हापासून झोपेत पण पॅडल मारायला सुरुवात केली. गटातल्या बायका वाटेत थांबवून विचारायच्या, झालं का गं. तिने सासऱ्याला सांगितलं, बाबा, बाकी सगळं माझं, बांबू तेवढा तुमचा. तुमच्या बांबूवर माझा डोळे मिटून भरवसा.

आणि इथेच माती खाल्ली काळूरामने.

झालं काय, दिवाळी सरली, अंधारा पंधरवडा लागला, आणि त्याच वेळेला शेलूला त्याच्या भाच्याने नव्या बिल्डिंगीत घर घेतलं. काळूराम एका जेवणापुरता गेला. तिथे लिफ्ट होती. तो पहिल्यांदा भीत भीत चढला, मग खाली आला, मग म्हणाला जरा परत बघतो. दोन दिवसांत त्याला बिल्डिंगीतले सगळे ओळखायला लागले. बायका भाजी घेऊन आल्या की हा आधीच आत उभा, कितवा मजला म्हणून विचारायला तयार. एका घरातल्या माणसांनी तर दिवाळीची पोस्त पण दिली त्याला, लिफ्टवाला समजून. घ्यावी की न घ्यावी? घेतली त्याने.

तर असा तो रमला, आणि परतला तेव्हा अंधारा पंधरवडा कधीच सरला होता, ओढ्यावर टिपूर चांदणं पडलं होतं. दर्शनाने दारातच विचारलं, बाबा, बांबू? तोंडातनं निघून गेलं, “तोडून ठेवलाय गं. जायच्या आधीच. ओढ्याला हाय, उद्या आणतो.”

दुसऱ्या दिवशी तो कोयता घेऊन गेला आणि तोडला. दिवस होता पौर्णिमेचा. मनाला समजावलं त्याने, की अमावास्या न् पौर्णिमा ही सगळी अंधश्रद्धा. आपण विहारात एवढी व्याख्यानं ऐकलेली माणसं, आपण चंद्राला विचारून कोयता चालवायचा का? पटण्यासारखंच होतं ते. फक्त जन्मात त्याने अंधाऱ्या पंधरवड्याशिवाय बांबू तोडला नव्हता, तेवढं त्या कोयत्याला माहीत होतं.

त्याच संध्याकाळी विहारात वंदना. दर पौर्णिमेला वस्ती जमते, मेणबत्त्या लागतात आणि सगळे मिळून पंचशील म्हणतात. जीव घेणार नाय, न दिलेलं उचलणार नाय, परक्याशी वाकडं नातं जोडणार नाय, खोटं बोलणार नाय, दारू पिणार नाय. काळूराम नेहमीसारखा भिंतीकडच्या सतरंजीवर बसला, पाठ टेकायला मिळते म्हणून, आणि शेजारी त्याचा जुना सोबती रोहिदास. चौथं शील आलं, खोटं बोलणार नाय, आणि काळूरामला ठसका लागला. रोहिदासने पाठीत थाप मारली. पाणी हवं का म्हणाला.

हा रोहिदास पळसदरीचाच, पण दुकान भिसेगावात. पंक्चर काढायचा, आणि स्टेशनला जाणारे लोक सकाळी सायकली त्याच्याकडे टाकून गाडी पकडायचे. पावती नाय, बिल्ला नाय, कुलूप नाय. संध्याकाळी यायचं, आपली सायकल उचलायची. एवढी वर्षं त्याच्या दुकानातनं घंटीसुद्धा कधी हरवली नव्हती. दर्शनाला चाकं, चेन, ब्रेक, सीट सगळं त्यानेच जुन्यातनं काढून दिलं, आणि देता देता तिची मनसोक्त टिंगल केली.

“पोरी, बांबूवरनं माणूस एकदाच जातो,” तो म्हणाला, “आणि तो बी झोपून.”

सगळं दुकान हसलं. सोबत आलेला काळूराम पण हसला, पण त्याचं हसू दाताच्या मागेच राहिलं. दर्शना निघाली तसा रोहिदास मागनं ओरडून म्हणाला, “माझी चाकं हायत ती, ध्यानात ठेव. मोडलीस तर एक दिवस येऊन काढून नेईन.” हे वाक्य विसरू नका. पुढे ते फार महागात पडलं.

दर्शनाने सायकल बनवली ती अशी. बांबू वाळवला, मापात कापला, सांधे घायपाताच्या वाखाने करकचून बांधले, त्यावर होडीला लावतात तसलं रसायन चोपडलं. वाळलं की दगड. वर झळझळीत रोगण. एका हाताने उचलावी इतकी हलकी, आणि खड्ड्यातनं गेली तरी कमरेला कळत नाय, बांबू सगळा हिसका स्वतः खातो. ती धरणापर्यंत चक्कर मारून आली तेव्हा म्हशी चरायच्या थांबल्या. मालनबाई, म्हणजे तिची सासू, मागच्या कॅरियरवर बसून विहारापर्यंत गेली आणि उतरायलाच तयार होईना.

सायकल राहायची पडवीत, काळूरामच्या खाटेशेजारी. एक दिवस दुपारचा तो आडवा झाला होता. सगळं गाव गप्प. आणि कानाशी आवाज आला. कुर्र, कुर्र. काळूराम उठून बसला. सायकलखाली पिवळट पिठाची चिमूट पडली होती.

मालन झाडू घेऊन आली. हे काय म्हणाली. तो म्हणाला, खारीचा भुगा, चहाबरोबर खाल्ली ना. दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ, पुन्हा खारी. तिसऱ्या दिवशी मालनने खारी बंद केली, म्हणाली तुमच्या तोंडाला भोक पडलंय. पीठ मात्र पडतच राहिलं. आवाज इतका वाढला की ते भुंगे आत बसून एका सुरात भजन म्हणतात आणि मधूनच एकजण खोकतो असं काळूरामला ऐकू यायचं. शेजारच्या कोंडीबाईने पण ऐकलंय हे, मी तिच्या तोंडून ऐकलंय.

त्याने विहारातल्या जळून उरलेल्या मेणबत्त्यांचं मेण आणून भोकं बुजवली. भुंग्यांनी शेजारी नवी पाडली. कडुलिंबाचं तेल चोळलं, तर दर्शना खूश झाली, बाबा किती निगा राखतात म्हणाली. हे ऐकून तो परसात जाऊन उगाच पाण्याची कळशी भरत बसला.

सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. बाई, बांबू पौर्णिमेचा हाय, बसू नकोस. पण ते वाक्य बोललं की आयुष्यभराचं नाव गेलं. आणि नाय बोललं, तर? खालापूरच्या वाटेवरचा, खोपोलीकडचा उतार त्याला दिसायचा. वरनं सून येतेय, मागे पोतं, समोरनं ट्रक. मग सुनेच्या जागी शाळेतली कुठली तरी पोर दिसायची, दोन वेण्या घातलेली. बांबूवरनं माणूस एकदाच जातो. त्याला जेवण जाईना. मालनने ताप बघितला. ताप नव्हता.

शेवटी त्याला जुना उपाय आठवला. पूर्वी माणसं तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायची. गोडवा धुऊन जातो, किडा मरतो. पण तो नुसता बांबू. रोगण लावलेली, चाकं चढवलेली सायकल मुरत घातल्याचं माझ्या ऐकण्यात नाय. पण अपराधी माणसाची अक्कल उलटीच चालते. मालन आणि दर्शना कर्जतच्या बाजाराला गेल्या, आणि याने सायकल ढकलत धरणाखालच्या ओढ्याला नेली, डोहात सोडली, आणि वर धोंडे ठेवले, कारण ती हलकी असल्यामुळे सारखी वर येऊन तोंडाकडे बघत होती. दोन दिवस ठेवायची न् काढायची, असा बेत. घरी येऊन खाटेवर पडला आणि डोळे मिटून घेतले.

दर्शना परतली. पडवी मोकळी. तिने त्याला हलवून उठवलं. “बाबा, सायकल?”

आताही सांगता आलं असतं. “मी झोपलो होतो,” काळूराम म्हणाला.

मग बोंबाबोंब. वस्ती जमली. चोर कोण? कुणीतरी म्हणालं, त्या चाकांवर डोळा कुणाचा होता? काढून नेईन कोण म्हणालं होतं? एवढं पुरे झालं. रागाला पाय फुटले की तो वाट विचारत नाय. दर्शना तशीच भिसेगावला निघाली, सासऱ्याला बरोबर घेतलं, मोठं माणूस सोबत असावं म्हणून.

संध्याकाळची वेळ. गाडीतनं उतरलेले लोक आपापल्या सायकली काढत होते. तिने सगळ्यांदेखत विचारलं, काका, माझी सायकल कुठे हाय? रोहिदास आधी हसला, त्याला गंमत वाटली. मग त्याने तिचा चेहरा बघितला. मग तो काळूरामकडे वळला.

“दादा, तुमी तरी सांगा हिला. मी असा माणूस हाय का?”

काळूरामने जमिनीकडे बघितलं. तिथे एक छर्रा पडला होता, बेअरिंगमधला, तेलकट. तो अजून त्याच्या डोळ्यांपुढे हाय. “मी काय सांगणार,” तो म्हणाला. “मी झोपलो होतो.”

रोहिदासने दुकानातली मागची खोली उघडून दाखवली, भंगार उपसून दाखवलं. लोक बघत उभे. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाने सायकल टाकताना चाकाला साखळी घातली आणि कुलूप लावलं. मग दुसऱ्याने. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी काळूरामला हे येऊन सांगितलं, जणू चांगली बातमी.

त्याचा बेत तर आता पाण्यातच गेला. सायकल काढून झुडपात सापडली म्हणावं, तर लोक म्हणणार, बघा, घाबरला आणि टाकून गेला रोहिदास. जितकी हुशारी करावी तितका फास त्या माणसाच्या गळ्याला. इकडे दर्शना मॅडमना फोन करायला मोबाइल उचलायची आणि परत ठेवायची. म्हणायची, पौर्णिमेपर्यंत वाट बघते.

पौर्णिमा आली. विहार भरला. काळूराम भिंतीकडच्या सतरंजीवर बसला. शेजारची जागा मोकळी. बसायला जागा अपुरी होती, पोरं दारात उभी होती, पण त्या जागेवर कुणी बसेना.

पंचशील सुरू झालं. पहिलं, जीव घेणार नाय. त्याला डोहातले भुंगे आठवले, भजन म्हणत म्हणत बुडालेले. दुसरं, न दिलेलं उचलणार नाय. सुनेची सायकल. तिसऱ्याला त्याने जरा श्वास घेतला, त्या बाबतीत तो निर्धास्त होता, वयच तसं. मग चौथं आलं. सगळे म्हणत होते, आणि त्याला वाटलं, हे सगळे माझ्याकडे बघून म्हणतायत. तो उठून उभा राहिला. मालन पदर ओढत कुजबुजली, अहो बसा, अजून संपलं नाय.

“सायकल मी नेली,” काळूराम म्हणाला. “रोहिदासचा काय संबंध नाय.”

म्हणणं थांबलं. मालन म्हणाली, याना ताप चढलाय, आठवडाभर काय खाल्लं नाय. तो म्हणाला, ताप नाय. बांबू पौर्णिमेचा होता. आणि मग शेलूची लिफ्ट, मेण, खारी, डोह, सगळं भडाभडा सांगितलं. लिफ्टशी सायकलचा काय संबंध हे लोकांना कळायला जरा वेळ लागला.

तशीच सगळी माणसं ओढ्याला गेली. सूर्य बुडत होता. धोंडे काढले, सायकल वर आली, आणि सीटखालच्या नळीतनं एक चिंबोरी नांग्या हलवत बाहेर आली, पोरांसकट. संसार थाटला होता तिने आत. दर्शनाने सायकल काठावर उभी केली, पुसली, आणि पॅडलवर पाय ठेवून नुसता भार टाकला. खालची नळी भुईमुगाच्या शेंगेसारखी कडकन फुटली. आतनं भिजलेलं पीठ ओघळलं.

ती मोडक्या नळीकडे बघत राहिली. तो उतार आता तिलाही दिसला असणार. मग ती सासऱ्याकडे वळली, आणि आवाज चढवला नाय तिने, तो चढवला असता तर बरं झालं असतं.

“बाबा, बांबू चुकला त्याचं काय नाय. दुसरा तोडला असता. पण त्या दिवशी मी तुमाला सोबत नेलं होतं ना. तुमी माझ्या शेजारी उभे होता.”

मॅडमना तिने खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, ठीक हाय, पुढची दिवाळी होऊ दे. गटातल्या बायकांनी वर्षभर वाट बघायची ठरवली. काळूरामशी त्या बोलायच्या, पण शिडी मागायला कुणी आलं नाय.

भिसेगावला तो दुसऱ्याच दिवशी गेला. मुद्दाम संध्याकाळी, गाडी आल्यावर, जेवढ्या लोकांनी ते ऐकलं होतं तेवढ्यांच्या पुढे. सायकल मी बुडवली, हा माणूस निर्दोष हाय, असं तो मोठ्याने म्हणाला, आणि हात जोडले. रोहिदास घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याने ऐकलं. ट्यूब काढली, पुसली, ठिगळ लावलं. एकाने जाऊन आपल्या सायकलची साखळी काढली. दुसऱ्याने राहू दिली, म्हणाला सवय झालीय.

पुढची दिवाळी सरली तेव्हा शेलूहून भाच्याचं बोलावणं आलं होतं. काळूराम गेला नाय. अंधाऱ्या पंधरवड्यात, अमावास्येच्या भर दुपारी, दर्शनाला शेजारी उभी करून त्याने बांबू तोडला, आणि म्हणाला, तू बघ, तुझ्या डोळ्यांनी बघ, माझ्यावर जाऊ नकोस. ती बघत उभी राहिली. त्याने सांगितलं म्हणून नाय, तिला खरंच बघायचं होतं. हे त्याला कळलं.

ती सायकल माघात खालापूरला गेली. मागे तांदळाचं पोतं, पुढे दर्शना, आणि त्या उताराला काळूराम तिथल्या मोरीच्या कठड्यावर सकाळपासून बसून होता. ती आली, गेली, कुरकुर नाय की चुकचुक नाय. आता त्या वाड्यांवरच्या पोरी बांबूवरनं शाळेला जातात, बसून.

चाकं पुन्हा रोहिदासनेच दिली. देताना त्याने काळूरामकडे बघितलं, हसला, आणि म्हणाला, दादा, बसा, चहा सांगतो.

दात चाचपून बघितले मी आत्ता. जागेवर हायत, पण एक हलतोय. म्हणून सांगून टाकते. भुंग्यांचं भजन खरं, चिंबोरीची पोरं खरी, लिफ्टची पोस्त तर शंभर टक्के खरी. चाकं पण रोहिदासनेच दिली, पोरीकडे बघून. पण तो हसला आणि चहा सांगितला, एवढं माझ्या पदरचं. काळूराम अजून दर पौर्णिमेला भिंतीकडच्या सतरंजीवर शेजारी जागा धरून बसतो. रोहिदास येतो, आणि दाराजवळ बसतो.